गाडी कोणती घ्यायची? आधी वर्कशॉप बघा

दिवाळीचा फराळ संपत आला की ग्वाल्हेरातल्या निम्म्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता मेळ्यातच घेऊ." फ्रिज असो, सोफा असो की मोटारसायकल. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आता गाड्यांच्या बाजारासाठी जास्त ओळखला जातो. त्याचं कारणही आपल्या सगळ्यांना माहीत आहे : राज्य सरकारने सवलत जाहीर केली की मेळ्यात घेतलेल्या गाडीवर रस्ता-करात ५० टक्के सूट मिळते.

यंदा आमच्या घरीही तेच वाक्य झालं. धाकटा पुतण्या डिप्लोमा संपवून मालनपूरला एका कारखान्यात लागला आहे. गोल्याच्या मंदिरापासून भिंड रोडने वीसेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. पहिली पाळी सकाळी सहाची. जेवताना त्याने मोबाइल पुढे केला. त्यात चार गाड्यांचे फोटो होते. "काका, यातली कुठली घेऊ?"

ताटावर एकदम शांतता पसरली. वहिनी वाढता वाढता थांबल्या. कारण हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी थोरल्याने विचारला होता, आणि तेव्हा मी फोटो बघूनच उत्तर दिलं होतं.

एक्केचाळीस दिवस

थोरल्याने मेळ्यातूनच गाडी घेतली होती. दिसायला देखणी, मीटर रंगीत, मोबाइलला जोडली जाणारी. मॉडेल बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तो मुद्दा नाही. अकराव्या महिन्यात गाडी एका सकाळी सुरूच होईना. वर्कशॉपमध्ये नेली तर सांगितलं, वायरिंगचा संच आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, बदलावा लागेल. वॉरंटीत आहे, पैसे लागणार नाहीत. फक्त पार्ट मागवावा लागेल.

तो पार्ट यायला ४१ दिवस लागले.

थोरलाही तेव्हा मालनपूरलाच होता, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहाटे पाचला त्या रस्त्याला धड सवारी मिळत नाही. काही दिवस मित्राच्या मागे बसून गेला, काही दिवस माझी स्कूटर नेली, काही दिवस उशिरा पोचला. सहा महिने संपले तेव्हा त्याला कायम केलं नाही. गाडीमुळे नोकरी गेली असं घरात कुणी म्हणत नाही. तो स्वतःही म्हणत नाही. आता तो इंदूरला आहे, बरा आहे. पण आमच्या ताटावर शांतता का पसरली ते आता तुम्हाला कळलं असेल.

म्हणून धाकट्याला म्हटलं, "या वेळी फोटो नंतर बघू. आधी वही आण."

आजोबांची वही

आमच्याकडे गाड्यांच्या हिशेबाची एक वही आहे. माझ्या वडिलांनी ती सुरू केली. त्यांच्या स्कूटरपासून आजपर्यंत घरातल्या प्रत्येक गाडीचं पेट्रोल, ऑइल, पंक्चर, दुरुस्ती, सगळं तारखेसह त्यात आहे. लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून अशा वह्या अजून सापडतील. आपल्या लोकांना हिशेबाचा सोस, त्याचा इथे उपयोग झाला.

वही चाळताना लक्षात आलं की 'गाडी चांगली आहे' असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक : गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडली. दोन : हजार किलोमीटरमागे दुरुस्तीला किती रुपये गेले. आणि तीन : गाडी वर्षातून किती दिवस नुसती उभी राहिली. वडिलांच्या वहीत तिसरा रकाना नव्हताच, कारण तेव्हा त्याची गरज नव्हती. गाडी बिघडली तर बाड्याजवळचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत ती सुरू करून देई. आज हा तिसरा रकानाच सगळ्यात महत्त्वाचा झाला आहे.

मिस्त्रीच्या हातातून गाडी का गेली?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. प्रदूषण कमी करायचं तर इंजिनात पेट्रोल मोजून जायला हवं. म्हणून बहुतेक मोटारसायकलींतला कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. सेन्सर, ईसीयू आणि पेट्रोलपंप हे सगळं विजेवर चालतं. कार्ब्युरेटर मिस्त्री पेचकसाने उघडून, फुंकर मारून साफ करायचा. आता बिघाड कुठे आहे हे कळायलाच कंपनीचा स्कॅनर जोडावा लागतो. चेन, ब्रेक, क्लच यांसाठी कोपऱ्यावरचा मिस्त्री अजूनही उत्तम. पण मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की अधिकृत वर्कशॉप गाठण्यावाचून इलाज नसतो.

म्हणजे गाडीचा भरवसा आता अर्धा कारखान्यात ठरतो आणि अर्धा तुमच्या गावातल्या डीलरकडे. आपण चौकशी मात्र फक्त पहिल्या अर्ध्याची करतो.

नाव आणि गाडी यांत दहा वर्षांचं अंतर

कंपन्यांकडे वळण्याआधी एक सावधगिरी. कंपनीबद्दलचं लोकांचं मत हे बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीबद्दलचं असतं.

रॉयल एन्फिल्डचंच घ्या. "बुलेट म्हणजे ऑइल गळणार" असं आमची पिढी अजून म्हणते. ते जुन्या कास्ट आयर्न इंजिनाबद्दल खरं होतं. ते इंजिन २०१० च्या सुमारास गेलं, त्याजागी नवं आलं, आणि २०२० साली मिटिऑर ३५० बरोबर त्याहून वेगळं, तिसऱ्या पिढीचं इंजिन आलं. आजच्या क्लासिक आणि हंटरमध्ये तेच आहे. उलट बाजूनेही तसंच होतं. यामाहाची आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली, पण आजही कुणी मामा "यामाहा घे, डोळे मिटून" असं सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तीच असते. आजची यामाहा चांगली असेलही, पण तिचा पुरावा आरएक्स देऊ शकत नाही.

प्रेम आणि भरवसा यांतही गल्लत होते. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने २०१५ साली हजारो वाचकांकडून त्यांच्या मोटारसायकलींची माहिती मागवली होती. चार वर्षांत मोठा बिघाड होण्याचं प्रमाण यामाहात सुमारे ११ टक्के, होंडात १२, हार्ले-डेव्हिडसनमध्ये २६ आणि बीएमडब्ल्यूत ४० टक्के निघालं. पण "हीच गाडी पुन्हा घ्याल का?" या प्रश्नाला मनापासून हो म्हणणाऱ्यांत हार्लेवाले जपानी गाड्यांच्या मालकांच्या पुढे होते! म्हणून मित्राला "तुझी गाडी कशी आहे?" असं विचारू नका. तो प्रेमाने उत्तर देईल. "वर्षभरात वर्कशॉपमध्ये किती दिवस होती?" असं विचारा.

आता एकेक कंपनी

हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस, रॉयल एन्फिल्ड, यामाहा, सुझुकी, या सगळ्यांची दुकानं ग्वाल्हेरात आहेत. प्रत्येकाची जमेची आणि विचार करायची बाजू थोडक्यात अशी.

हिरो. १९८५ ची हिरो होंडा सीडी १००, मग १९९४ ची स्प्लेंडर. त्याच घराण्यातलं ९७ सीसीचं इंजिन आजही स्प्लेंडर प्लस आणि एचएफ डिलक्समध्ये आहे. एकच इंजिन अनेक मॉडेलांत आणि लाखो गाड्यांत असलं की पार्ट कधी अडत नाही. डबरा, मुरैना, भिंड, कुठेही मिळतो. अडचण उलटी आहे : पार्ट इतका खपतो की नकली मालही तितकाच फिरतो. डबा, होलोग्राम आणि बिल बघूनच घ्या.

होंडा. हिरोशी काडीमोड २०१० च्या डिसेंबरात जाहीर झाला, पण होंडाची स्वतंत्र कंपनी त्याआधीपासून होती. शाइन २००६ पासून चालू आहे आणि तिचा लौकिक शांत, कमी कुरकुरणाऱ्या इंजिनाचा आहे. वॉरंटी तीन वर्षांची, पुढे पैसे भरून वाढवता येते.

बजाज. आपल्या घरांतला हा हळवा विषय. आकुर्डीची गाडी म्हणजे जणू माहेरची गाडी! चेतकने आपल्या दोन पिढ्या वाहिल्या. २००१ साली पल्सर आली आणि तरुणांना परवडणारी दमदार गाडी मिळाली. ताकदीच्या मानाने किंमत कमी, पार्टही सहज मिळतात. मात्र बजाज खूप मॉडेलं आणि उपमॉडेलं काढते. त्यामुळे जे मॉडेल कमी विकलं जातं त्याचं प्लास्टिक, दिवे, मीटर मागवावं लागू शकतं. इंजिनाचा पार्ट मिळतो का, एवढंच विचारून थांबू नका.

टीव्हीएस. होसूरची कंपनी. अपाचे आणि २०२१ सालची रेडर तरुणांत चालतात. बांधणी नीटनेटकी आणि सोयी पुष्कळ. जितकं इलेक्ट्रॉनिक सामान जास्त, तितकं वर्कशॉपमध्ये जाणता माणूस असणं गरजेचं, हे लक्षात ठेवा. हा नियम टीव्हीएसलाच नाही, सगळ्यांनाच लागू आहे.

रॉयल एन्फिल्ड. वॉरंटी तीन वर्षांची. वजन जास्त, टायर आणि ब्रेकचा खर्चही जास्त. आणखी एक हिशेब : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यामुळे त्यांची ३५० आणि ४५० यांत आता पूर्वीपेक्षा मोठी दरी आहे.

यामाहा आणि सुझुकी. यंत्र म्हणून दोन्ही नावाजलेल्या. पण मोठ्या चौघांच्या मानाने जाळं विरळ. ग्वाल्हेरात राहणाऱ्याला अडचण नाही. शिवपुरी किंवा श्योपूरकडे बदली होणार असेल, तर आधी तिथली चौकशी करा.

जावा-येझदी. एक गंमत सांगतो. नवी जावा बनते कुठे? आपल्याच मध्य प्रदेशात, पिथमपूरला. एकेकाळी तिथेच कायनेटिक होंडा बनायची, जिच्यावर आपल्या कितीतरी आत्या-मावश्या पहिल्यांदा कॉलेजला आणि नोकरीला गेल्या. तरीही कारखाना राज्यात आहे म्हणून वर्कशॉप गल्लीत असेल असं नाही. विक्री कमी असलेल्या प्रत्येक कंपनीच्या बाबतीत हाच प्रश्न पहिला.

रोजच्या कामाच्या गाड्यांवर हिरो, बजाज आणि टीव्हीएस साधारण पाच वर्षांची वॉरंटी देतात, किलोमीटरची मर्यादा प्रत्येकाची वेगळी. वॉरंटीत ब्रेक शू, क्लच प्लेट, बल्ब, टायर हे झिजणारं सामान धरत नाहीत. आणि 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फुकट, ऑइल नव्हे. ती चुकवली तर पुढे वॉरंटीचा दावा अडू शकतो. तारखा कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

शोरूम नव्हे, वर्कशॉप

धाकट्याला मी चार दिवसांचं काम दिलं. शोरूममध्ये जायचंच नाही. चारही कंपन्यांच्या वर्कशॉपवर सोमवारी सकाळी दहाला जायचं, कारण रविवारची सगळी कुरकुर तेव्हा तिथे गोळा झालेली असते. तिथे काय बघायचं, काय विचारायचं, ते आम्ही वहीत लिहिलं. तुम्हालाही उपयोगी पडेल.

१. आवारात धूळ खात उभ्या गाड्या किती? दोन-चार मालकांशी बोला : "कशासाठी थांबलीय? किती दिवस?"

२. पार्टच्या खिडकीवर विचारा : या मॉडेलचा क्लच केबल, हेडलाइट, मीटर आणि ईसीयू आत्ता आहे का? नसेल तर किती दिवसांत येतो? "दोन-तीन दिवस" हे उत्तर सगळेच देतात. "मागच्या वेळी किती दिवसांत आला?" असं विचारा.

३. जॉबकार्ड लिहून देतात का? त्यावर तारीख, किलोमीटर आणि तक्रार असते का?

४. कुठलं ऑइल घालतात? हिरो-होंडा १०डब्ल्यू-३० सांगतात, बजाज २०डब्ल्यू-५०, रॉयल एन्फिल्ड १५डब्ल्यू-५०. वर्कशॉपने एकाच पिंपातून सगळ्यांना ऑइल दिलं तर समजून जा.

५. मॉडेल बाजारात येऊन किमान एक वर्ष झालंय का? नव्या मॉडेलच्या खोड्या पहिल्या वर्षात कळतात. त्या दुसऱ्यांना कळू द्याव्यात.

६. मोबाइलवर केंद्र सरकारचा 'वाहन' डॅशबोर्ड उघडा. तिथे आरटीओनुसार आणि कंपनीनुसार किती गाड्या नोंदल्या गेल्या ते दिसतं. आपल्या एमपी-०७ मध्ये ज्या कंपनीच्या गाड्या जास्त, तिचे पार्ट आणि जाणते मिस्त्री जास्त, हा साधा हिशेब आहे.

चौथ्या दिवशी धाकटा घरी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. म्हणाला, "काका, जी मला सगळ्यात आवडली होती ना, तिच्या वर्कशॉपमध्ये एक जण तीन आठवड्यांपासून चकरा मारतोय. आणि जी नको वाटत होती, तिथल्या सुपरवायझरने मला विचारलं, रोज किती किलोमीटर चालवणार, रस्ता कसा आहे, मग म्हणाला या कामाला दीडशे सीसी नको, सव्वाशे घे." विक्रीचा माणूस महाग गाडी सुचवतो. वर्कशॉपचा माणूस स्वस्त सुचवत असेल, तर त्याला तुम्ही पुन्हा भेटणार आहात हे ठाऊक असतं.

मेळ्याचं गणित

मेळ्यातली सूट खरी आहे, घ्यायलाच हवी. पण तिचं वजन ओळखा. समजा तुमच्या गाडीवर रस्ता-कर आठ हजार बसतो, तर चार हजार वाचले. ही बचत एकदाच होते. गाडी पुढे दहा वर्षं चालवायची असते. सूट मिळते म्हणून गाडी ठरवू नका. गाडी ठरवा आणि मग ती मेळ्यातून घ्या.

विकणारा डीलर कोण, त्याचं वर्कशॉप ग्वाल्हेरात आहे का, हे बिल करण्याआधी विचारा. ऑन-रोड किमतीचा प्रत्येक आकडा वेगळा लिहून मागा : गाडीची किंमत, कर, विमा, ॲक्सेसरीज. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन खिशात असलं तर दुकानातला आकडा आपोआप उतरतो.

आपल्या हवामानाचाही विचार करा. मे-जूनमधली ४५ अंशांची भट्टी आणि जानेवारीतलं धुकं, दोन्ही बॅटरीची परीक्षा घेतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार उतरली तर किक असूनही गाडी सुरू होईलच असं नाही. म्हणून पहाटे निघणाऱ्याने दुसऱ्या हिवाळ्यापासून बॅटरी तपासून घ्यावी. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर आणि चेन यांची काळजी पुस्तकात लिहिलंय त्याहून लवकर घ्यावी.

तरीही अडकलातच तर

थोरल्याच्या वेळी आम्ही एक मोठी चूक केली. ४१ दिवस नुसते फोन करत राहिलो, लेखी काहीच दिलं नाही. तसं करू नका. पहिल्याच दिवशी जॉबकार्ड घ्या. आठवड्यात पार्ट आला नाही तर डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा, त्यात जॉबकार्डचा क्रमांक लिहा. त्यानेही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मोठ्या कंपन्यांपर्यंत तिथून तक्रार पोचते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. शेवटचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही.

तर मग कोणती घेतली?

धाकट्याने सव्वाशे सीसीची गाडी ठरवली आहे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आमच्यासाठी ती बरोबर आहे, कारण तिचं वर्कशॉप त्याच्या वाटेवर आहे आणि तिथल्या माणसाने त्याला नीट उत्तरं दिली. तुमच्या वाटेवर दुसरं कुणी असेल. हिरो, होंडा, बजाज, टीव्हीएस यांच्या रोजच्या कामाच्या गाड्यांत आज इतका मोठा फरक उरलेला नाही की डोळ्यांवर पट्टी बांधून एकीलाच टिळा लावावा. फरक आहे तो तुमच्या गावात तिच्यामागे कोण उभं आहे याचा.

इंदूरहून थोरल्याचा फोन आला होता. त्याने धाकट्याला एवढंच विचारलं, "पार्टच्या खिडकीवर जाऊन आलास ना?" धाकटा म्हणाला, "दादा, दोनदा."

वहीत आता तिसरा रकाना आखला आहे : 'उभे दिवस'. देवाच्या कृपेने तो कोराच राहो. आणि हो, मेळ्यात तुमची गाठ पडली तर सांगा, तुमच्या गाडीच्या त्या रकान्यात आकडा किती आहे ते.